साबणाची वडी आणि पहाऱ्याचे तास

तुरुंगाच्या खर्चाबद्दल बातमी आली की तिच्यात एक आकडा हमखास असतो: एका कैद्यामागे वर्षाला इतका खर्च. आकडा मोठाच असतो. वाचणारा तो आपल्या घरखर्चाशी ताडून बघतो आणि त्याचं डोकं तापतं. एवढे पैसे हा माणूस खातो तरी कुठे? चहा, टीव्ही, गरम पाणी, उशी, फोन. बंद करा हे चोचले. मग सभागृहात प्रश्न येतो, वरून विचारणा होते आणि तुरुंगाच्या कचेरीत काटकसरीची फाईल उघडते. देश कुठलाही असो, त्या फायलीतली यादी फारशी बदलत नाही.

सगळा घोळ त्या आकड्यात आहे. दरडोई खर्च म्हणजे तुरुंगाचा एकूण खर्च भागिले कैद्यांची संख्या. कर्मचाऱ्यांना बरे पगार मिळतात अशा कुठल्याही देशात त्यातला सगळ्यात मोठा वाटा पगारांचाच असतो. उरलेल्यात इमारत, वीज-पाणी, दवाखाना, गाड्या. कैद्याच्या ताटात आणि अंगावर पोचणारा भाग त्यानंतरचा. कैदी त्या आकड्याचा भोक्ता नाही, भाजक आहे. उद्या शंभरातले दहा कैदी सुटले तर दरडोई खर्च वाढलेला दिसेल, कारण भिंत तेवढीच आणि पहाराही तेवढाच.

पहारा किती महाग असतो ते एकदा मांडून बघावं. एका दरवाजावर चोवीस तास एक माणूस हवा असेल तर आठवड्याचे १६८ तास भरायचे. ४० तासांचा आठवडा धरला तर ४.२ माणसं. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण मिळवलं की पाच. म्हणजे नकाशावर एक ठिपका आणि पगारपत्रकावर पाच नावं. तुरुंगात काहीही स्वस्त की महाग हे ठरवायचं माप हेच: त्याने पहाऱ्याचे तास वाढतात की कमी होतात? काटकसरीच्या फायलीत नेमका हाच रकाना नसतो.

साबणाचंच घेऊ. महिन्याला दोन वड्या मिळायच्या, त्याची एक केली. ज्याच्या खात्यात पैसे आहेत तो कॅन्टीनमधून विकत घेतो. ज्याच्याकडे नाहीत तो मागून घेतो. एक वडी चौघांत फिरू लागते, पाठोपाठ टॉवेलही. त्याच फायलीत धुलाई आठवड्याऐवजी पंधरवड्याला केलेली असेल तर पुढचं सांगायला ज्योतिषी नको. मांडीवर नाहीतर काखेत एक पुटकुळी येते, लाल, टणक, दुखरी. कैदी म्हणतो कोळी चावला. आधी तपासणाराही बरेचदा तेच समजतो. दोन दिवसांत तिचं गळू होतं. हा स्टॅफिलोकॉकस जिवाणू, आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा त्याचा प्रकार म्हणजे एमआरएसए. लॉस एंजेलिस काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) तुरुंगात २००२ या एका वर्षात त्याच्या जखमांचे नऊशेहून अधिक रुग्ण निघाले. अमेरिकेतल्या अशाच तुरुंगांतल्या साथींवर तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २००३ मध्ये अहवाल दिला. त्यातली कारणं वाचताना वाटतं, कुणीतरी काटकसरीची फाईलच उतरवून काढली आहे: साबण पुरेसा नाही, कपडे नीट धुतले जात नाहीत, वस्तू एकमेकांच्या वापरल्या जातात, जखमा उघड्या राहतात.

आता गळवाचा हिशेब. चिरून पू काढायचा, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, रोज पट्टी बदलायची, कपडे वेगळे धुवायचे. बहुतेक गळवं एवढ्यावर बरी होतात. पण एखाद्याला ताप चढतो आणि त्याला बाहेरच्या रुग्णालयात न्यावं लागतं. तिथे खाटेशी दोन रक्षक, चोवीस तास. आठवड्याचे ३३६ तास. हे तास हवेतून येत नाहीत, बराकीतूनच उचलले जातात. तिकडे रक्षक कमी पडले म्हणून त्या आठवड्यात मैदानावर सोडणं बंद, ग्रंथालय बंद, नातेवाइकांच्या मुलाखती पुढे ढकललेल्या. फायलीवर साबणाच्या ओळीत बचत चोख दिसते. अतिकालिक भत्ता दुसऱ्या ओळीत, औषधं तिसऱ्या ओळीत आणि चिडलेली बराक कुठल्याच ओळीत नाही.

चहाचं प्रकरण याहून गमतीचं. कोठडीत पाणी गरम करायची किटली काढून घेतली म्हणून माणसाची चहाची तल्लफ जात नाही. तो वायर आणि पत्र्याच्या तुकड्यांचा जुगाड करून दिव्याच्या जागेतून वीज घेतो. पाणी तापतं, कधी वायर तापते, कधी दोन्ही. सर्किट ब्रेकर पडतो आणि अख्खी रांग अंधारात. अंधारात हजेरी घेता येत नाही, म्हणून सगळ्यांना जागच्या जागी थांबवायचं. वायरमन आत आणायचा तर त्याच्यासोबत एक रक्षक, त्याच्या हत्यारांची आत जाताना आणि बाहेर येताना मोजदाद. दुसऱ्या दिवशी जुगाड शोधायला प्रत्येक कोठडीची झडती. नीट झडती घ्यायची तर दोन माणसांना एका कोठडीला पाऊण तास सहज लागतो. चाळीस कोठड्यांचे साठ तास.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे लेखन एकांगी होईल. किटलीतलं उकळतं पाणी दुसऱ्याच्या अंगावर फेकल्याच्या घटना तुरुंगात घडतात, आणि त्यात साखर विरघळवली असेल तर भाजणं भयंकर असतं. या कारणासाठी किटली काढली तर तो सुरक्षेचा निर्णय आहे, त्याला तसंच म्हणावं. मग रांगेच्या टोकाला गरम पाण्याची टाकी ठेवावी आणि बराकबंदीच्या आधी थर्मास भरून द्यावेत. पैसे वाचत नाहीत, पण चहा मिळतो आणि वायरी जागच्या जागी राहतात.

गरम पाण्यावर कात्री चालवणारे तर हमखास चुकतात, कारण त्यांना ती निव्वळ चैन वाटते. बॉयलरचं तापमान खाली आणलं की इंधन वाचतं हे खरं. पण लिजिओनेला नावाचा जिवाणू २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुखाने वाढतो आणि फवाऱ्याच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणून टाकीत पाणी ६० अंशांवर ठेवायचं, नळाशी मिनिटभरात ५० अंशांपर्यंत आलं पाहिजे, आणि अंगावर पडण्याआधी मिश्रण-झडपेतून ते ४० अंशांच्या आसपास आणायचं. टाकीच ४५ वर आणून ठेवली तर आपण जिवाणूंसाठी उबवणी यंत्र चालवतो आहोत. आंघोळ रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा केली तरी तीच अडचण: पाइपात पाणी साचून राहतं. न वापरलेले फवारे आठवड्यातून एकदा तरी काही मिनिटं मोकळे सोडावेच लागतात. म्हणजे कैद्याच्या अंगावर न पडलेलं पाणी शेवटी मोरीत जातं, आणि ते सोडायला एक माणूस लागतो.

जेवणाकडे वळू, कारण कपातीचा जोर तिथेच असतो. २०११ मध्ये टेक्सासने ३६ तुरुंगांत शनिवार-रविवारचं दुपारचं जेवण बंद केलं. सकाळ आणि दुपार मिळून एकच. मिशिगनने २०१३ मध्ये सरकारी स्वयंपाक्यांना घरी पाठवून कंत्राटदार आणला. पुढच्याच वर्षी स्वयंपाकघरांत अळ्या सापडल्याच्या बातम्या आल्या, २०१५ मध्ये कंत्राटदार बदलला, जेवणाविरुद्ध निदर्शनं झाली, २०१६ च्या सप्टेंबरात किनरॉस तुरुंगात दंगल उसळली, आणि २०१८ मध्ये राज्याने पुन्हा आपले स्वयंपाकी नेमले. दंगलीला जेवण हे एकच कारण नसतं. पण रोज तीनदा सगळ्या तुरुंगाला एकाच वेळी एकच तक्रार करायला लावणारी दुसरी गोष्ट तिथे नाही.

दंगल झाली नाही तरी ताट लहान झाल्याचे परिणाम व्हायचे ते होतातच. २,४०० कॅलरींचं ताट दहा टक्क्यांनी कमी केलं की रोज २४० कॅलरी गेल्या. दोन पोळ्यांच्या आसपास. माणूस त्याने मरत नाही, पण रात्री नऊला त्याला भूक लागते आणि दार सकाळी उघडणार असतं. मग बाजार भरतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका तुरुंगावरचा समाजशास्त्रीय अभ्यास मांडला गेला. तिथे सिगारेटची चलन म्हणून असलेली जागा झटपट नूडल्सच्या पाकिटाने घेतली होती, आणि अभ्यासकाने त्याचं कारण तंबाखूबंदी दिलेलं नाही. जेवण निकृष्ट आणि कमी झालं हे दिलं आहे. पाकीट उसनं घ्यायचं तर दर ठरलेला: एकाचे दोन. आठवड्यात नाही फिटले तर दोनाचे चार. चौथ्या आठवड्याला कर्जदार सोळा पाकिटं देणं लागतो आणि घरून मनीऑर्डर आलेली नसते. आता त्याच्यापुढे तीन वाटा असतात: मार खाणं, सावकाराचं एखादं काम करणं (काहीतरी लपवून ठेवणं, कुणाला तरी मारणं), किंवा अधिकाऱ्याकडे जाऊन मला वेगळं ठेवा म्हणणं. तिसरी वाट त्यातली सगळ्यात शहाणपणाची आणि सरकारला सगळ्यात महागाची. वेगळ्या कोठडीतल्या माणसाला जेवण पोचवायचं, फिरायला एकट्याला न्यायचं, आंघोळीला एकट्याला न्यायचं, दर वेळी रक्षक सोबत. सामान्य बराकीत एक रक्षक कित्येकांकडे बघतो. इथे एका माणसाभोवती रक्षक फिरतात.

पोटाचा आणि वागण्याचा संबंध मोजूनही पाहिलेला आहे. इंग्लंडमधल्या आयल्सबरीच्या तरुण गुन्हेगारांच्या तुरुंगात २३१ स्वयंसेवी कैद्यांवर एक प्रयोग झाला, निष्कर्ष २००२ मध्ये आले. निम्म्यांना जीवनसत्त्वं, खनिजं आणि मेदाम्लांच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. कोणाला काय मिळतंय हे कैद्यांना माहीत नव्हतं आणि रक्षकांनाही. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांकडून शिस्तभंग २६.३ टक्क्यांनी कमी झाले. पुढे नेदरलँड्समध्ये असाच प्रयोग झाला आणि निकाल त्याच दिशेने आला.

टीव्हीबद्दल लोकांना सगळ्यात जास्त राग. अमेरिकेत १९९६ च्या एका तरतुदीने संघीय तुरुंगांत कोठडीतला टीव्ही, कॉफीची भांडी, शेगड्या, विजेवर चालणारी वाद्यं, व्यायामाची वजनं यांवर सरकारी पैसा खर्च करायला मनाई केली. इंग्लंडने उलट वाट धरली: १९९८ पासून कोठडीत टीव्ही, पण आठवड्याला एक पौंड भाडं कैद्याच्याच खिशातून, आणि बेशिस्त केली की संच परत. हे ‘परत’ महत्त्वाचं आहे. मी मी म्हणणाऱ्या माणसाला रक्षक हात न लावता ताळ्यावर आणतो तो याच जोरावर. कैद्यांना कसं वागवावं याच्या, संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये सुधारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतला ९५वा नियम प्रत्येक तुरुंगात सवलतींची श्रेणी असावी असं सांगतो, त्यामागचं व्यवहारज्ञान हेच. सगळ्यांचं सगळं आधीच काढून घेतलं तर उद्या गुन्हा करणाऱ्याकडून काढायचं काय? उरते एकांतकोठडी, आणि तिचा हिशेब वर येऊन गेला.

मग हे सगळं माहीत असूनही कात्री पुन्हा पुन्हा तिथेच का चालते? याला १८३४ च्या इंग्लंडातल्या गरीब कायद्याइतकी जुनी एक समजूत आधाराला आहे. सरकारी आसऱ्यातल्या माणसाची स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब कष्टकऱ्यापेक्षा वाईटच हवी, असं त्या कायद्याचं तत्त्व. ऐकायला ते न्याय्य वाटतं, आणि बाहेर राबून अर्धपोटी झोपणाऱ्याला कैद्याचं भरलेलं ताट सलतं यात त्याचं काही चुकत नाही. फक्त या तत्त्वाला तळ नाही. बाहेर जितकी गरिबी जास्त, तितकं आत खाली जावं लागतं, आणि एका पातळीनंतर खाली गेलेली प्रत्येक पायरी न्यायालयाच्या निकालातून किंवा दवाखान्याच्या बिलातून परत येते.

अ‍ॅरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीचा शेरीफ (पोलीस आणि तुरुंग सांभाळणारा अधिकारी) ‘जो अर्पायो’ याने १९९३ मध्ये तंबूंचा तुरुंग उभारला. वाळवंटातला उन्हाळा, दोन वेळचं जेवण, कॉफी बंद. मीठ-मिरपूड बंद करून वर्षाला २०,००० डॉलर वाचवल्याचं तो अभिमानाने सांगे. २००८ मध्ये संघीय न्यायालयाने जेवणाच्या दर्जाबद्दल आणि मनोविकारावर औषधं घेणाऱ्या कच्च्या कैद्यांना उष्म्यापासून वाचवण्याबद्दल आदेश दिले. २०१७ मध्ये नव्या शेरीफने तंबू मोडायचं ठरवलं तेव्हा कारण काय दिलं? खर्च. बंद केल्याने वर्षाला सुमारे ४५ लाख डॉलर वाचतील, असा त्याचा हिशेब होता. तंबूला भिंत नसते, म्हणून माणसं जास्त लागतात.

स्कॉटलंडचं उदाहरण जास्त बोचरं आहे. तिथल्या जुन्या तुरुंगांत कोठडीत संडास नव्हते. रात्री बादली आणि सकाळी ती ओतायला रांग. संडास बांधायच्या कामी येऊ शकले असते असे सुमारे १ कोटी ३० लाख पौंड १९९९ मध्ये तुरुंगांच्या अंदाजपत्रकातून दुसरीकडे वळवले गेले. बार्लिनी तुरुंगातला एक कच्चा कैदी, अंगावर इसब असलेला, न्यायालयात गेला आणि २००४ मध्ये जिंकला: ही वागणूक मानहानीकारक आहे. त्याला भरपाई मिळाली सुमारे अडीच हजार पौंड. मागोमाग हजारो दावे आले आणि भरपाईची रक्कम कोटी पौंडांच्या घरात गेली. संडास बांधावे लागले ते लागलेच.

आणि अ‍ॅटिका. न्यूयॉर्क राज्यातल्या या तुरुंगात १९७१ मध्ये कैद्याला आठवड्याला एक आंघोळ आणि महिन्याला टॉयलेट पेपरची एक गुंडाळी मिळे. सप्टेंबरातल्या उठावात आणि तो मोडून काढताना ४३ माणसं गेली, त्यांतले बहुतेक सरकारी गोळ्यांनी. उठावामागे वर्णद्वेष होता, मारहाण होती, राजकारण होतं. गुंडाळीमुळे माणसं मेली असं कुणी म्हणणार नाही. पण मागण्यांच्या यादीत पोटभर सकस जेवण आणि रोजची आंघोळ होती. राज्याने २००० मध्ये कैद्यांना ८० लाख डॉलर आणि २००५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना १ कोटी २० लाख डॉलर दिले.

तुरुंगात पैसा वाचवता येतच नाही असं नव्हे. गळणारी एक फ्लश टाकी दिवसाला शेकडो लिटर पाणी घालवते, आणि हजार कैद्यांच्या तुरुंगात अशा किती आहेत हे रात्री दोन वाजता मुख्य मीटर वाचलं की कळतं, कारण तेव्हा वापर जवळजवळ शून्य असतो. आठवडाभर ताटातलं उष्टं पदार्थवार बादलीत जमवून तोलावं. लोक काय टाकून देतात ते कळलं की शिधा कमी न करता खरेदी कमी होते. तारखेची नुसती हजेरी व्हिडिओवरून झाली तर एक गाडी आणि दोन-तीन रक्षक दिवसभर मोकळे होतात. पण खरी बचत बराकच बंद करता आली तर होते, आणि बराक रिकामी होते जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून पडून राहिलेले कच्चे कैदी सुटले की. हे तुरुंगाधिकाऱ्याच्या हातात नसतं. म्हणून त्याच्या फायलीत साबण येतो.

फोनही येतो. शंभर कैद्यांना दोन फोन, संध्याकाळी दोन तास, प्रत्येकी दहा मिनिटं. रोज २४ जणांचा नंबर लागतो, म्हणजे चार-पाच दिवसांनी घरचा आवाज. एक फोन काढला की १२ जण, आणि पाळी नवव्या दिवशी. मग पाळीच विकली जाते, आणि ज्याचं मूल आजारी आहे तो जास्त भाव देतो. घराशी धागा टिकला तर काय होतं हे भेटींवरून मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या तुरुंग विभागाने सुटलेल्या १६,४२० जणांची नोंद तपासून २०११ मध्ये सांगितलं की तुरुंगात निदान एकदा तरी कुणी भेटायला आलेल्यांमध्ये पुन्हा गुन्ह्यात दोषी ठरण्याची शक्यता १३ टक्क्यांनी कमी होती. परत न आलेल्या कैद्याचं ताट, साबण, पहारा, सगळंच वाचतं. पण ते पुढच्या कुणाच्या तरी अंदाजपत्रकात, म्हणून या वर्षी ते कुणी मोजत नाही.

कधीकधी फायलीवरचं ‘काटकसर’ हे कारण किती खरं आहे तेही तपासता येतं. २०११ च्या सप्टेंबरात टेक्सासमध्ये देहदंडाच्या एका कैद्याने शेवटच्या जेवणासाठी भलीमोठी यादी दिली आणि त्यातलं काहीही खाल्लं नाही. एका सिनेटरने पत्र लिहिलं आणि शेवटच्या जेवणाची प्रथा लगेच बंद झाली. तेव्हा एक माजी कैदी पुढे आला. त्याने तुरुंगात असताना अशी दोनशेहून अधिक जेवणं रांधली होती. यापुढची मी स्वतःच्या खर्चाने रांधून देतो, सरकारला एक छदामही पडणार नाही, असं त्याने कळवलं. राज्याने नको म्हटलं.